नरडाण्यापासून सुरुवात

नरडाणा सोडून कुठंही पाठवा, रुक्माबाई जायला तयार. जामनेरचा बाजार म्हणू नका, नशिराबादचा फाटा म्हणू नका, एका पिशवीत शास्त्र आणि दुसरीत भाकरी घेऊन त्या निघायच्या आणि टाळ सांभाळत मी त्यांच्या मागे. जळगावच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत त्या शास्त्र सांगणाऱ्या आणि मी, सुमन, गाणारी. मी नगरची, लग्न होऊन खानदेशात आले. इथलं ऊन आणि इथलं तिखट मला अजून पचलेलं नाही. रुक्माबाई तेवढ्या पचल्या, तेही बहुतेक दिवशी.

बाजारात वांग्यांच्या ढिगाशेजारी उभ्या राहून त्या पश्चात्ताप आणि क्षमेचं बोलायला लागल्या की भाव करणाऱ्या बायाही घटकाभर थांबत. पण नरडाण्याचं नाव काढलं की त्यांचे ओठ मिटत. नरडाणा त्यांचं माहेर. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा भाऊ आधार फारसं काही बोलला नव्हता. आई गेली तेव्हा मात्र त्यानं निरोपच धाडला नाही. भाऊबंद काय म्हणतील, ख्रिस्ती झालेली बहीण मधेच काय करून बसेल, अशी काहीतरी भीती त्याच्या मनात असावी. रुक्माबाईंना कळलं तोवर आईची राखसुद्धा पांझरेत गेली होती.

त्या तडक नरडाण्याला गेल्या आणि सगळ्या गल्लीदेखत अंगणात उभ्या राहून म्हणाल्या, तू माझ्या दारात येऊन चूक कबूल करशील तेव्हाच तुझ्या घरचं पाणी पिईन. त्यांच्या गावाकडे असं पाणी बंद झालं की माणूस तहानेनं कासावीस होईल, पण त्या दाराशी घोटभर मागणार नाही. मागितलं म्हणजे मागणाऱ्यानं भांडण सोडलं, पुन्हा कधी त्याचा उच्चार करायचा नाही, असं गाव धरतं. आधार काही आला नाही. त्याला एक तप होऊन गेलं.

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात आमचे पाळक धनसिंगभाऊ म्हणाले, "रुक्माबाई, नरडाण्याला वाल्मीकच्या घरी सभा आहे. तो तुम्हालाच बोलवतोय. म्हणतो, गावची लेक आहे, गाव ऐकेल."

वाल्मीक रेल्वेत गँगमन होता, नुकताच मंडळीत आलेला. रुक्माबाई नाही म्हणाल्या नाहीत, हो पण म्हणाल्या नाहीत. घरी येताना मला म्हणाल्या, "सुमन, तिथं उभी राहून मी क्षमा म्हणू कशी? जीभच उचलायची नाही. आणि तिथं नाही उचलली, तर जामनेरला तरी कोणत्या तोंडाने उचलू? हे जमलं नाही तर पिशवी खुंटीला टांगून ठेवीन."

असलं त्या कधी बोलत नसत. मला भीती वाटली. त्यांच्याशिवाय मी टाळ घेऊन काय करणार होते, घरी सुनेच्या डोक्याशी वाजवणार?

सकाळच्या पॅसेंजरने निघालो. गिरणेच्या पुलावर धुकं इतकं होतं की खाली नदी आहे की नुसतंच आभाळ, काही कळेना. पलीकडे केळीच्या बागा धुक्यात अर्ध्या बुडालेल्या. गाडी हलायची, थांबायची, पुन्हा हलायची. धरणगाव गेलं, अमळनेर गेलं. मला गाडीत बसलं की झोप येते, ह्याबद्दल रुक्माबाईंनी मला आयुष्यभर ऐकवलंय.

त्या शेजारी बसून वाचत होत्या. सभेसाठी त्यांनी घेतलेला भाग त्यांनाच अडला होता. मेलेला प्रभू जिवंत होऊन शिष्यांसमोर उभा राहतो, शास्त्र समजावं म्हणून त्यांची मनं उघडतो, आणि सांगतो की पश्चात्तापाची आणि क्षमेची वार्ता सगळ्या जगाला द्या, पण सुरुवात यरुशलेमपासून करा.

"का गं?" त्या म्हणाल्या. "ज्या गावानं मारलं, तिथूनच का? दुसरी गावं नव्हती?"

"असतील काही कारणं," मी म्हणाले आणि डोळे मिटले.

त्या हलक्या आवाजात वाचत राहिल्या आणि तो आवाज माझ्या झोपेत आला. मला एक खोली दिसू लागली. दारं लावून घेतलेली, आत माणसं भ्यालेली. ऐन वेळेला त्याला टाकून पळालेली हीच ती सगळी. आणि तो मधोमध उभा. आता हा एकेकाचं नाव घेऊन विचारणार, कुठं होतास तू, असं मला वाटलं. पण तो कुणालाच काही विचारेना. त्यानं खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाला, तुमच्याकडे काही खायला आहे का? मग कुणीतरी भाजलेला मासा पुढे केला आणि तो सगळ्यांदेखत खात बसला. कुठूनतरी धुराचा वास येत होता.

मी दचकून जागी झाले. गाडी पांझरेच्या पुलावर होती आणि बाहेर शेतात कुणीतरी खरंच शेकोटी पेटवली होती.

"बघा तरी," मी जांभई देत म्हणाले, "सगळे पळून गेलेले, कुणी माफीसुद्धा मागितली नाही, आणि ह्याला भूक लागली!"

मी आपली थट्टा केली. त्यावर त्या मला झापतील म्हणून मी वाट पाहिली. झापलं नाही. त्यांनी शास्त्र मिटलं, मांडीवर ठेवलं आणि नरडाणा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

स्टेशनवर वाल्मीक आला होता. "सभा दुपारी शे, अक्का. आधी चहा घ्या."

"चहा नंतर," रुक्माबाई म्हणाल्या. "आधार कुठं आहे?"

वाल्मीकने माझ्याकडे पाहिलं. "मळामा. भरीत करी राहिनात."

त्या पुढे, मी मागे. धुकं विरत चाललं होतं, कपाशीची वेचणी झालेली रानं दोन्ही बाजूंना. मी दोनदा विचारलं, काय बोलणार आहात? भांडायला चाललाय का? त्या झपझप चालतच राहिल्या. मला त्यांचा रागच आला.

मळ्यात कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ केलेला होता आणि त्यात हिरवी वांगी भाजत होती. जाळापुढे एक पिकल्या केसांचा माणूस उकिडवा बसला होता. त्याची बायको द्रौपदाबाई हिरव्या मिरच्या खुडत होती. तिनं आधी पाहिलं आणि तिच्या हातातली मिरची खाली पडली. मग आधारनं मान वर केली.

उठला नाही, ये म्हणाला नाही. वांगी परतायची काडी त्यानं घट्ट धरली. बहीण गल्लीदेखत काय बोलली होती ते त्याला आठवत असणार, आणि आता ह्या मळ्यादेखत काय बोलेल ह्याची तो वाट पाहत होता.

"कसाले उनी?" कशाला आलीस, असं त्यानं विचारलं.

रुक्माबाईंनी दोन्ही पिशव्या खाली ठेवल्या. जाळाजवळ, त्याच्या समोर, मातीत मांडी घातली. जळगावात त्या नीट पुस्तकी बोलत, ती भाषा कुठल्या कुठे गेली.

"भाऊ, माले भूक लागनी," त्या म्हणाल्या. "काही खावाले शे का?"

एक वांगं जाळात करपायला लागलं तरी आधारचं लक्ष नव्हतं. मग त्यानं ते नुसत्या हातानं ओढून काढलं. बोटं भाजत होती तरी सोलत राहिला, द्रौपदाबाई ओरडली तरी सोलत राहिला. भाकरीवर तो गर ठेवला, वर मिरची कुस्करली आणि ती भाकरी बहिणीपुढे धरली. रुक्माबाईंनी घास घेतला. मी उभी राहून रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

अर्धी भाकरी झाल्यावर त्या म्हणाल्या, "पाणी दे ना, भाऊ."

तेव्हा तो फुटला. "मायनं तोंड... मी तुले दखाडं नही, रुक्मा. मी..." आईचं तोंड तिला दाखवलं नाही, हे जे इतकी वर्षं तिच्या दाराशी येऊन म्हणायला हवं होतं, ते त्याच्याच मळ्यात, तिला तांब्या देता देता निघालं.

"माले माहीत शे," रुक्माबाई म्हणाल्या. घोट घेतला. "भरीतमा मीठ कमी शे."

द्रौपदाबाई रडता रडता हसली आणि मीठ शोधायला लागली. आधारनं उपरण्यानं तोंड पुसलं. मग तो म्हणाला, "वाल्मीक म्हने, तू गावमा काही सांगाले येनार शे. काय सांगाले उनी?"

रुक्माबाईंनी बाजूला पडलेल्या शास्त्राच्या पिशवीकडे पाहिलं. पिशवी त्यांनी उघडली नाही.

"जे सांगानं व्हतं ते मी सांगी टाकं," त्या म्हणाल्या आणि हात पुढे केला. "आखो एक भाकर दे."