नववा नळ

मेनोरा हरवल्याचं प्लंबरला कळलं ते हनुकाच्या, ज्यूंच्या दिव्यांच्या सणाच्या, पहिल्याच दिवशी, भरदुपारी. खरं तर हरवला असंही म्हणता येत नव्हतं. सण संपला की बायको तो सणाच्या मेणबत्त्या लावायचा पितळी मेनोरा चोरांच्या भीतीने नव्या जागी लपवायची आणि पुढच्या वर्षी बरोबर काढायची. यंदा उन्हाळ्यात ती गेली, जागा न सांगता.

त्याने घर उलटंपालटं केलं. पिठाच्या डब्याच्या तळाशी त्याचा जुना रेडिओ सापडला. तो शेजाऱ्यानेच नेला म्हणून प्लंबरने सहा वर्षं त्याच्याशी अबोला धरला होता. मेनोरा मात्र नाही.

संध्याकाळी मुलगी येणार होती. "आई नाही, निदान दिवे तरी असतील ना?" असं तिने फोनवर विचारलं होतं आणि हा "असतील" म्हणून बसला होता.

त्याने कामाची पिशवी उपडी केली. एका पाइपावर आठ नळ, तोंडं वर करून, आटे घट्ट आवळून बसवले. लेव्हल लावून पाहिली, केसभर फरक नाही. तेवढ्यात मेहुणी आली.

"भावोजी, कुणाच्या न्हाणीघराचं काम हे?"

"मेनोरा आहे."

"आठच नळ? आठ रात्रींचे आठ दिवे झाले. त्यांना पेटवणारा नववा कुठाय? आणि तो जरा उंच हवा."

पिशवी रिकामी होती, दिवस मावळायला आला होता. प्लंबरने स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथला नळ अकरा वर्षं ठिबकत होता. "जगाचे नळ दुरुस्त करता, माझा तेवढा राहतो," असं बायको रोज म्हणायची आणि तो रोज "उद्या" म्हणायचा. त्याने पाणी बंद केलं, नळ काढला, पाइपाला बूच मारलं आणि तो नळ मधोमध, वीतभर उंच बसवला.

मग तीस वर्षांच्या सवयीने त्याने मेनोऱ्यात तांब्याने काठोकाठ पाणी भरलं. "बघ, एक थेंब गळत नाही."

"आता मेणबत्त्या लावणार की मासे पाळणार?"

त्याने तो उलटा केला. सगळं पाणी मेहुणीच्या पायांवर. बायकोच्या केस वाळवायच्या यंत्राने दोघं नळ वाळवत बसले असतानाच मुलगी दारात उभी राहिली. 

मेहुणीने प्रार्थना म्हटली. मुलीने नवव्या नळातली मेणबत्ती पेटवली आणि त्या मेणबत्तीने पहिल्या रात्रीची लावली. थोड्या वेळाने नवव्या नळावरून मेण टेबलावर पडू लागलं. टप. टप.

"बाबा, हा स्वयंपाकघरातला ना? आई अकरा वर्षं बदला म्हणत होती, आणि तुम्ही तो पेटवलात?"

"बदलला की. जागा बदलली."

मुलगी हसायला लागली. हसू आवरेना, तशी डोळे पुसू लागली. प्लंबर मेण खरवडत राहिला.

शेजाऱ्याची माफी मागून झाली. मेनोरा अजून सापडलेला नाही. भांडी न्हाणीघरात घासली जातात. स्वयंपाकघरात नळ बसवायचा राहिला आहे.