मोठ्या सिस्टरांचा डेलिया

"छान आहेत, सिस्टर. एकदम झकास," मास्तर फोनवर म्हणाले, आणि हातातला कंद पचकन फुटला.

समोर वर्तमानपत्रावर आणखी आठ पडले होते. एक सोडला तर सगळे काळे, बुळबुळीत, आणि वास असा की बायको नाकाला रुमाल लावून स्वयंपाकघराच्या दारातच थांबली होती. पलीकडून मोठ्या सिस्टर, वॉर्डातल्या जुन्या वरिष्ठ नर्स, हसत बोलत होत्या. खुब्याच्या तपासणीला बरोबर पाच महिन्यांनी बोलावलंय, भाची घेऊन येणार आहे, तोवर डेलिया फुलावर असेल, तेव्हा एक फूल घेऊन दवाखान्यात भेटायचं. एकच आण, पोतंभर नको, असंही त्यांनी बजावलं. मास्तर हो हो म्हणत गेले. फोन ठेवल्यावर त्यांनी हात पुसला.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते मोठ्या दवाखान्यात प्लास्टर घालायचे. मोडलेला हात असो, पाय असो, डॉक्टरांनी हाड जुळवलं की पुढचं काम यांचं. तीस वर्षांत निम्म्या गावाची हाडं त्यांच्या हाताखालून गेली होती, म्हणून सगळे त्यांना प्लास्टरमास्तर म्हणत. आता निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. आयुष्यात त्यांनी कधी साध्या कुंडीतसुद्धा रोप लावलं नव्हतं, आणि ते लपवायचा त्यांनी कधी प्रयत्नही केला नव्हता.

मग मोठ्या सिस्टरांनी आपला जीव की प्राण असलेला डेलिया याच माणसाच्या हाती का दिला? तर विश्वास, दुसरं काय. खुबा मोडल्यावर त्यांना दवाखान्याच्या आवारातली राहती खोली सोडून भाचीकडे राहायला जावं लागलं. चौथ्या मजल्यावरची जागा, उंबऱ्याएवढी गॅलरी. जाताना त्यांनी जमिनीतून काढलेले नऊ कंद मास्तरांच्या ओंजळीत दिले. सोबत एक पाकीट, त्यात बी. "हेही ठेव. लागलं तर असावं," एवढंच म्हणाल्या. फूल मास्तरांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं होतं. वाटीएवढं, गर्द लाल, आणि प्रत्येक पाकळीचं टोक दुधात बुडवून काढल्यासारखं पांढरं. सिस्टरांच्या खोलीबाहेर ते फुललं की डॉक्टरसुद्धा दोन मिनिटं थांबायचे.

आणि मास्तरांनी काय करावं? प्लास्टरची पावडर ज्या पत्र्याच्या डब्यात ठेवतात, तसल्या डब्यात ते कंद घातले, झाकण ठोकून बसवलं, वरून चिकटपट्टी गुंडाळली. हवा म्हणून आत जायला नको. तीस वर्षं हेच तर शिकले होते, की हवेतला ओलावा लागला की माल गेला. कंदाला श्वास लागतो, तो कोंडला की घाम येऊन सडतो, हे त्यांना कोण सांगणार? दुसरा कुणी असता तर टोपलीत टाकून विसरला असता आणि कंद सुखरूप राहिले असते. हा माणूस काळजी करायला गेला आणि घात झाला.

"सांगून टाका ना खरं," बायको म्हणाली.

"सांगतो. पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारीही त्यांनी झकासच सांगितलं. लोकांना "काही दुखणार नाही" असं सांगण्यात जन्म गेलेला, जिभेला सवय होती. पण हे खोटं मात्र त्यांना सलत राहिलं. कारण सिस्टर नसत्या तर मास्तर प्लास्टरमास्तर झालेच नसते. बाविसाव्या वर्षी ते वॉर्डात फरशी पुसायला लागले होते. एकदा एका पोरीचा मोडलेला हात धरायला कुणी मिळेना, तेव्हा यांनी बादली बाजूला ठेवून धरला, आणि पाऊण तास हलू दिला नाही. सिस्टरांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ड्युटी संपल्यावर त्या यांना थांबवून घेत. एका उशीला हात समजून त्यावर पट्टी गुंडाळायला शिकवत, घट्ट झाली की सोडायला लावत, परत गुंडाळायला लावत. पुढे जागा निघाली तेव्हा ऑफिसात जाऊन भांडल्याही त्याच. फरशी पुसणारा चालणार नाही म्हणाले, तर म्हणे सिस्टर खुर्ची ओढून बसल्या आणि सही होईस्तोवर उठल्या नाहीत. दोन मुलांची शिक्षणं, हे दोन खोल्यांचं घर, सगळं त्या खुर्चीवर उभं होतं. त्या बाईंनी उभ्या आयुष्यात एकच गोष्ट सांभाळायला दिली, आणि ती यांनी डब्यात कोंडून मारली.

नाही म्हणायला नऊतला एक कंद शाबूत होता. तो कागदात गुंडाळून मास्तर रोपवाटिकेत गेले. तिथला रोपवाला जाडजूड, कमी बोलणारा. त्यानं कंद उलटसुलट करून मानेपाशी एक बारीक फुगवटा दाखवला. हा डोळा, म्हणाला, जीव इथंच असतो. ओलसर वाळूत अर्धा पुरा, कोंब बोटभर झाले की पेराच्या खाली ब्लेडनं कापा, खालची पानं काढा आणि परत वाळूत खोचा. काडीपासून येईल ते हुबेहूब याच झाडाचं. मास्तरांनी बीचं पाकीट पुढं केलं, तर त्यानं मान हलवली. "बीचा भरवसा नाही. दहा बिया लावाल तर दहा तऱ्हा निघतील. आईसारखं एखादं निघालं तर नशीब."

तीन कोंब आले. मास्तरांनी ब्लेड उकळून घेतलं, हात कोपरापर्यंत धुतले, आणि बायकोला दिवा धरायला लावून तिन्ही काड्या कापल्या. बायको म्हणाली, टाके घालायचे असतील तर डॉक्टरांना बोलावू का. मूळ कंदाला मात्र त्यांनी इतकं पाणी पाजलं की आठवड्याभरात तोही वाटेला लागला. राहिल्या तीन काड्या.

आता काड्यांना मुळं फुटली का, हे कळायचं कसं? मास्तर रोज सकाळी एकेक काडी हळूच उपटून बघायचे आणि परत खोचायचे. ज्या माणसानं हजारो रोग्यांना दम दिला असेल की प्लास्टर काढून बघायचं नाही, हाड आपलं आपण जुळतं, त्यानं हे करावं. दोन काड्या या बघण्यापायीच माना टाकून गेल्या. तिसरी काडी खोचलेला वाळूचा पेला बायकोनं उचलला आणि कपाटावर ठेवून दिला. वीस दिवस हात लावायचा नाही, म्हणाली. विसाव्या दिवशी काडीच्या बुडाशी पांढऱ्या मुळांचं जाळं होतं. मास्तरांचे डोळे भरून आले. त्या संध्याकाळची सगळी भांडी त्यांनी घासली.

मधल्या काळात बीही पेरून झालं होतं. वीस बिया पेरल्या, चौदा उगवल्या. ती रोपं घरामागच्या पट्ट्यात ओळीनं लावली आणि त्यांच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. लाड सगळे त्या एका काडीचे. चार जोड पानं झाल्यावर रोपवाल्यानं सांगितल्याप्रमाणे शेंडा खुडायचा होता. मास्तर दोन दिवस कात्री घेऊन नुसते घिरट्या घालत होते. शेवटी खुडला, रोप फुटवे धरून भरलं, गुडघ्यापर्यंत आलं. सिस्टरांच्या पहिल्या फोनला चार महिने होत आले तेव्हा शेंड्याला वाटाण्याएवढी कळी दिसली. त्या रविवारी फोनवर मास्तर पहिल्यांदा खरं बोलले, की सिस्टर, कळी धरलीय.

तीन दिवसांनी वारा सुटला. सकाळी पाहतात तो रोप जमिनीपाशी मोडून आडवं पडलेलं, सालीच्या एका पट्टीवर लटकत. डेलियाचा देठ आतून पोकळ असतो. मास्तरांनी क्षणभर पाहिलं आणि तडक घरात जाऊन प्लास्टरची उरलेली पट्टी आणली. भिजवली, पिळली, मोडलेले भाग जुळवून मातीपर्यंत असं सुबक प्लास्टर चढवलं की डॉक्टरांनी पाठ थोपटली असती. काम त्यांनी चोखच केलं होतं. आठ दिवस ते रोज पानांना बोट लावून बघत होते. नवव्या दिवशी पानं काळी पडली. कापून पाहिलं तर आतला ओलावा कोंडून देठ मुळापर्यंत सडला होता.

"हाड असतं तर जुळलं असतं," मास्तर म्हणाले. बायकोनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सिस्टरांचा डेलिया संपला होता, आणि तपासणीला पंधरा दिवस राहिले होते.

याच पंधरा दिवसांत मागची चौदा रोपं फुलली. कुणी त्यांना ना खुडलं होतं, ना कुरवाळलं होतं. एक फिकं पिवळं, एक जांभळं, एक तर नुसत्या आठ पाकळ्यांचं, मध्ये टक्कल. मास्तर रोज त्यांच्यापुढं उभे राहायचे, आणि मनातून हिरमुसलेले असले तरी बघत राहायचे. चौदा फुलं, आणि एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही. तेराव्या रोपाचं फूल मात्र लाल निघालं. गर्द लाल, टोकाला पांढरं. पांढरं सगळ्या पाकळ्यांना नव्हतं, काहींना एकाच बाजूनं फासलेलं होतं, आणि मधोमध थोडा पिवळा गाभा दिसत होता. पण लांबून पाहिलं तर वाटावं तेच.

"हे न्या," बायको म्हणाली. "सिस्टरांची नजर आता तेवढी कुठं राहिलीय? त्यांना आनंद होईल, तुमचाही जीव सुटेल."

मास्तरांनी तेच कापलं. ओल्या कापसात देठ गुंडाळून दवाखान्यात गेले. सिस्टर चाकाच्या खुर्चीत तपासणीच्या खोलीबाहेर बसल्या होत्या. आणखी बारीक झाल्या होत्या, पण पाठ तशीच ताठ. भाची कागद घेऊन खिडकीपाशी रांगेत होती. मास्तरांनी फूल दोन्ही हातांनी पुढं केलं. सिस्टरांनी ते मांडीवर घेतलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मास्तरांना वाटलं, झालं, सुटलो.

"छान जपलास रे," त्या म्हणाल्या.

तिथंच मास्तरांचा बांध फुटला. "नाही जपला, सिस्टर. तुमचा गेला." आणि मग सगळं सांगितलं. डबा, चिकटपट्टी, रोज उपटलेल्या काड्या, प्लास्टर, पाच महिन्यांचं खोटं. हे फूल बीतून आलेलं आहे, तुमच्याची सर नाही याला. तुम्ही मला माणसात आणलंत आणि मी तुमचं एक झाड सांभाळू शकलो नाही. बोलताना ते खाली फरशीकडे बघत होते.

सिस्टरांनी फुलाची पाकळी अंगठ्यानं चाचपली.

"माझाही बीचाच होता," त्या म्हणाल्या.

मास्तरांना उमगेना. मग त्या हळूहळू सांगत गेल्या. नोकरीला लागल्या तेव्हाच्या मेट्रननी, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या प्रमुखांनी, त्यांना आपल्या डेलियाचे कंद दिले होते. मेट्रनचा डेलिया पाकळीच्या टोकापर्यंत लाल होता, पांढऱ्याचा ठिपका नाही. सिस्टरांनी ते काढायला उशीर केला आणि कंद चिखलात कुजले. कंदांसोबत मिळालेल्या पाकिटात बी होतं, ते पेरलं, त्यातलं जवळचं निघालं ते मेट्रनना दाखवलं. मेट्रन तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या. छान जपलास, म्हणाल्या. "बाईंनी ओळखलं की नाही, मला आजतागायत माहीत नाही. एकतीस वर्षं लोक त्या फुलाचं कौतुक करायचे आणि मी विषय बदलायचे. तू सांगितलंस. मला नाही जमलं."

त्यांनी विचारलं, मेट्रनचा फोटो अजून जिन्याजवळच आहे का. मास्तर म्हणाले, आहे. मग ने तिकडं, असं सिस्टरांनी सांगितलं.

जिन्याजवळच्या भिंतीवर जुन्या मेट्रनचे फोटो ओळीनं लावले होते. तिसऱ्या फोटोपाशी सिस्टरांनी हात वर केला आणि मास्तरांनी खुर्ची थांबवली. फोटोतल्या बाई काळ्या चौकटीच्या चष्म्यातून सरळ पुढं बघत होत्या. सिस्टरांनी मांडीवरचं फूल उचलून दोन्ही हातांत धरलं. आवाज बारीक होता, पण शब्द स्पष्ट होते.

"बाई, तुमचा डेलिया माझ्या हातून गेला. मी दाखवला तो तुमचा नव्हता." मग त्यांनी मागं न बघता मान थोडी मास्तरांकडे कलती केली. "आणि हा याचा आहे. यानं स्वतः लावलाय."

मास्तरांनी उगाच सदऱ्याचं वरचं बटण लावलं. जिन्यावरून माणसं चढत-उतरत होती, कुणी थांबलं नाही. भाची कागद सांभाळत शोधत आली आणि म्हणाली, मावशी, नंबर लागला, इथं काय करताय?

"एकाची ओळख करून देत होते," सिस्टर म्हणाल्या, आणि फूल कुणाचा धक्का लागू नये म्हणून त्यांनी हातांच्या आडोशाला घेतलं. मास्तरांनी खुर्ची वळवली आणि सावकाश, जिथं फरशी उखडली होती तिथं चाकं जरा उचलून, ते त्यांना तपासणीच्या खोलीकडे घेऊन गेले.