अख्खी वचनं

राजाजीनगरच्या कन्नड चर्चची उपासना आटोपली की त्याच हॉलमध्ये आमची मराठी मंडळी जमते. एरवी अर्धी मंडळी दुसऱ्या गीताला येते, पण नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी सगळे वेळेवर हजर. त्या दिवशी वचन ओढायचं असतं ना! मखमली दानपिशवीत हात घालायचा, एक चिठ्ठी काढायची, माईकवर वाचायची आणि देवाचं वर्षभराचं आश्वासन म्हणून घरी फ्रिजवर चिकटवायची.

चिठ्ठ्या लिहिणार रत्नाबाई. बेळगावच्या, निवृत्त शिक्षिका, अक्षर छापल्यासारखं आणि मन फार मऊ. पवित्र शास्त्रातलं गोड तेवढंच निवडून घ्यायच्या. त्यामुळे आमच्या मंडळीत वर्षानुवर्षं कुणाच्याच वाट्याला संकट आलं नव्हतं. निदान चिठ्ठीत तरी.

स्वतःची चिठ्ठी त्या सर्वांत शेवटी काढत, आणि दर वर्षी तीच निघे: तुझ्या घराजवळ कसलीही पीडा येणार नाही. लोक म्हणायचे, बघा, कशी कृपा आहे बाईंवर! पिशवी धरणाऱ्या शांतवनअण्णांना तेवढं माहीत होतं की त्या चिठ्ठीचा एक कोपरा कापलेला असतो. मंडळीच्या चहात साखर जास्त पडली तरी हिशेब विचारणारा हा माणूस, पण या बाबतीत कधी तोंड उघडलं नाही.

यंदाची गोष्ट निराळी होती. रत्नाबाईंच्या छातीत गाठ लागली होती. तुकडा तपासायला गेला होता आणि दुसऱ्या दिवशी जयनगरच्या डॉक्टरांकडे रिपोर्ट मिळणार होता. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पुढच्याच बाकावर बसलेल्या वीणाला, पोटच्या मुलीलाही नाही.

पहिला मान कल्लाप्पाचा. त्याने जे. पी. नगरात तळमजल्यावर नवा फ्लॅट घेतला होता आणि सगळ्यांना तो दाखवूनही झाला होता. ऐटीत चिठ्ठी उघडून तो वाचू लागला, "तुला खोल पाण्यातून जावं लागेल, तेव्हा..."

तो थांबला. मागून कुणीतरी खुदकन हसलं.

"पुढे वाच की रे," पाळकसाहेब म्हणाले.

"...तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन." कल्लाप्पाचा चेहरा पडला. "साहेब, दर वर्षी नुसतं 'बरोबर असेन' असतं. हे पाणी कुठून आलं?"

मग भव्या उठली. लग्न होऊन महिना झालेला, शेजारी सासूबाई. तिच्या चिठ्ठीत रात्रभर रडणं मुक्कामाला येणार होतं आणि आनंद सकाळी. सासूबाईंनी आधी भव्याकडे पाहिलं, मग छताकडे. "माझ्या घरात कोण कुणाला रडवतंय गं?" त्या पुटपुटल्या, पण माईक चालू होता.

आता कुणी हसेना. तिसऱ्या चिठ्ठीत काळोखी दरी, चौथीत छळ. रांगेतली माणसं हळूच मागे सरकायला लागली. चिठ्ठी काढलेले ती बंद मुठीत लपवू लागले, जणू वाचली नाही तर लागू होणार नाही.

"रत्नाक्का, हे काय?" पाळकसाहेबांचा आवाज चिरकला. "नव्या वर्षाच्या दिवशी?"

रत्नाबाई माईकपाशी आल्या. "माझ्याकडून इतकी वर्षं अर्धी वचनं लिहिली जात होती. पाणी कापायचं, 'बरोबर असेन' ठेवायचं. रात्र कापायची, सकाळ ठेवायची. गेल्या आठवड्यात मला गरज पडली म्हणून घरी सगळी पिशवी टेबलावर ओतली. नुसती साखर! दुखणाऱ्या माणसासाठी एक चिठ्ठी नाही. पाणीच नसेल, तर बरोबर कुणी असून करायचंय काय?"

"तुम्हाला कसली गरज पडली?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"गाठ आहे. उद्या जयनगरच्या डॉक्टरांकडे रिपोर्ट येतोय."

वीणा उठून उभी होती. "आई? कसली गाठ? सकाळी तू माझ्या डब्याची चौकशी करत होतीस!"

"डब्याचं काय करायचं ते मला माहीत होतं," रत्नाबाई म्हणाल्या.

शांतवनअण्णांनी पिशवी पुढे केली. रत्नाबाईंनी हात आत घातला. सगळं नव्याने लिहिलं होतं, पण एक जुनी चिठ्ठी काढून टाकायचा धीर त्यांना झाला नव्हता. बोटं कापलेल्या कोपऱ्यावर येऊन थांबली. अण्णांना ते कापडातून कळलं.

"घ्या अक्का," ते हळूच म्हणाले. "यंदा तरी घ्या."

बोटं तिथे बराच वेळ राहिली. मग सुटली, आणि दुसरीच चिठ्ठी बाहेर आली.

ती पवित्र शास्त्रातल्या, राजाच्या मूर्तीपुढे वाकले नाहीत म्हणून आगीच्या भट्टीपुढे उभ्या केलेल्या तिघांच्या तोंडची होती. रत्नाबाईंनी चष्मा सावरला. "आमचा देव आम्हाला वाचवायला समर्थ आहे. आणि त्याने नाही..."

चिठ्ठी तशीच धरून त्या थांबल्या. ते वाक्य त्यांच्याच अक्षरात होतं आणि लिहिताना हात अडखळला नव्हता.

वीणा पुढे आली. आईच्या खांद्यावरून वाकून तिने उरलेलं वाचलं, "...नाही वाचवलं, तरी आम्ही दुसऱ्या कुणापुढे वाकणार नाही." मग चिठ्ठीसकट आईचा हात घट्ट धरला. "मला सांगितलं नाहीस," ती म्हणाली. चिडली होती आणि रडतही होती.

"आता सांगितलं ना."

"माईकवर!"

इतका वेळ आपली चिठ्ठी बदलून मिळेल का म्हणून घुटमळणारा कल्लाप्पा घसा खाकरत पुढे आला. चिठ्ठी त्याने खिशात घातली होती. "उद्या जयनगरला जायला माझी गाडी आहे, अक्का. मी नेतो. पाण्यातून जाताना बरोबर असायचं, हे माझ्या चिठ्ठीत सांगितलंच आहे."

रत्नाबाईंनी पदराने डोळे पुसले.

"सरी, बरं," त्या म्हणाल्या. "पण स्वल्प लवकर ये. तू नेहमी दुसऱ्या गीताला येतोस."