प्रसेनने बसवलेला सायलेन्सर

सोनूबाईने माळ्यावरचं पोतं स्वतः उतरवलं आणि माझ्या पुढ्यात फरशीवर आणून ठेवलं. ठेवलं म्हणजे आदळलंच. पोत्यातून सायलेन्सरचं काळं तोंड बाहेर आलं.

"ह्यो लावा," ती म्हणाली.

मी गाडी पुसत होतो. पाच वाजता सम्राट यायचा होता. सम्राट म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा, नेसरीचा. चंदगडला काजूच्या कारखान्यात त्याला नोकरी लागली आहे, रोज जायला यायला गाडी पाहिजे, आणि आमच्या दारात चौदा महिने एक गाडी ताडपत्रीखाली उभी आहे. घेऊन जा म्हटलं. परवाच मी प्लग साफ केला होता, पेट्रोल बदललं होतं. दुसऱ्या किकला चालू झाली. मलाच बरं वाटलं नाही.

"अगं, खुळी का काय तू? कंपनीचा बसवल्याला हाय की. ह्यो लावून गेला तर पयल्या चौकात पोलीस धरतील पोराला."

"त्येच्यासाठी न्हवं. मला ऐकायचाय. गाडी जायच्या आदी एकदा ऐकते. मग ठेवा न्हाईतर काढा."

"सोनू, आता कशाला ते..."

"ज्या हातानं काढलासा, त्याच हातानं लावा," असं म्हणून ती आत गेली.

मी फडकं खाली ठेवलं. चौदा महिने जे वाक्य तिच्या तोंडून येईल म्हणून मी भीत होतो, ते असं अर्धं आलं आणि दारातून आत गेलं.

मी एकतीस वर्षं साखर कारखान्यात फिटर होतो. माझ्या हाताखालून गेलेला जॉइंट कधी गळला नाही. हे बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे बढाईच आहे, पण खरी आहे. मिलच्या धडधडीने माझे कान मात्र खाल्ले. बारीक आवाज मला येत नाहीत. बायको स्वयंपाकघरातून काय बोलते ते निम्मं मी अंदाजाने धरतो, आणि अंदाज चुकला की शिव्या खातो. पण लीक मला हाताला कळतो. गाडी चालू करायची, तळहात जॉइंटजवळ धरायचा. बारीकशी जरी फुंकर आली तरी समजायचं, काम कच्चं आहे.

प्रसेनजीत आमचा एकुलता एक. एका लॅबमध्ये कामाला होता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोल्हापुरातल्या दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करत गाडीवर फिरायचा. सुई, बाटल्या, कागद ह्यात पोरगा हुशार, पण पान्याशी कधी दोस्ती नाही. पहिला बोनस मिळाला तेव्हा त्याने हा मोठ्या आवाजाचा सायलेन्सर विकत आणला, पाइपासकट, आणि रविवारी मी पाळीवर असताना इथे, ह्याच फरशीवर बसून, मोबाइलवर बघून बघून बसवला. फिटरचं पोरगं, बापाला न विचारता! मी घरी आलो तर चेहऱ्याला काळं लागलेलं, आणि हसतोय.

"पप्पा, बघा तर!" त्याने किक मारली. गल्ली हादरली. सोनूबाईने कानांवर हात ठेवले आणि तीही हसायला लागली.

मी इंजिन आणि पाइपच्या जोडाजवळ हात नेला. फुंकर. गरम, ठोक्याठोक्याला येणारी.

"लीक हाय. जुनी पॅकिंगची रिंग काढलीच न्हाईस तू. तिच्यावरच नवी बसवलीस."

"असू दे की पप्पा. चालतंय की!"

दहा मिनिटांचं काम होतं. दोन नट, एक पाइप, आतली जुनी रिंग खरवडून काढायची, झालं. पण मी म्हटलं, न विचारता केलंय ना, मग बस तसाच फिरत. असा मी हट्टी माणूस. आणि त्या लीकसकट ती गाडी दोन वर्षं गल्लीत आली-गेली.

संध्याकाळी साडेसातला तो चौकात वळला की सोनूबाईला कळायचं. मला काही यायचं नाही, पण ती म्हणायची, "आला," आणि तव्यावर भाकरी टाकायची. तो गाडी लावून, हातपाय धुऊन पाटावर येईपर्यंत भाकरी फुगून ताटात. दोन वर्षं त्या पोराने गार भाकरी खाल्ली नाही.

मग समोरचे बाळासो एका शनिवारी दारात आले. त्यांच्या आईला बीपी. "आकारामदादा, तुमच्या पोरानं म्हातारीचा जीव घ्यायचा ठरवलाय काय?" असं चार लोकांत बोलले. मला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रसेन झोपला होता तेव्हा मी सायलेन्सर उतरवला, आतून एकात एक चेपून बसलेल्या त्या दोन रिंगा स्क्रू ड्रायव्हरने उचकटून काढल्या, जागा साफ केली, नवी रिंग घालून कंपनीचा बसवला. हात धरून बघितलं. फुंकर नाही. पक्कं काम.

पोरगं तीन दिवस माझ्याशी बोललं नाही. मंगळवारी संध्याकाळी तो कधी येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला ते सोनूबाईला कळलंच नाही. दचकून ती ओरडली, "भुतावानी काय येतोस रं!" तेवढं एक तो हसला.

बुधवारी फाट्याच्या वळणावर उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या. ड्रायव्हरने मागे न बघता वळवला.

पोराच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं गेली, सतरंज्या गोळा करता करता सोनूबाई म्हणाली, "आवाज असता तर त्या ट्रॅक्टरवाल्यानं मागं बघितलं असतं." एकदाच म्हणाली. नंतर कधी नाही. पण मला ते रोज ऐकू येतं. ज्याला बारीक आवाज येत नाहीत त्याला तेवढं एक येतं, जेवताना, आंघोळ करताना, कुठेही. आणि तळहाताला फुंकर लागते. गाडी ताडपत्रीखाली गार पडलेली असते, मी कॉटवर बसलेलो असतो, आणि उजव्या तळहाताला गरम फुंकर येते, ठोक्याठोक्याला. मी हात लुंगीला पुसतो. जात नाही.

आणि ती? रोज साडेसातला कुणाचीही गाडी गल्लीत आली की उठते. उठते आणि दारापर्यंत जाऊन येते. मी विचारत नाही.

तर मी पाने काढले. दहा नंबरच्या पान्याने नट ढिले केले, कंपनीचा सायलेन्सर उतरवला. जुना पोत्यातून काढून फडक्याने पुसला. क्लॅम्पवर प्रसेनच्या पान्याचे ओरखडे होते. चुकीच्या मापाचा पाना लावून नटाच्या कडा गोल करून टाकल्या होत्या गाढवाने. माझे डोळे भरून आले. नाक ओढलं आणि कामाला लागलो. नवी रिंग घातली, पाइप सरळ धरला, दोन्ही नट सारखे आवळले. अर्ध्या तासात बसला.

"लावला गं!"

ती पदराला हात पुसत बाहेर आली. मी किक मारली. काय आवाज! चौदा महिन्यांनी गल्ली दणाणली. समोर बाळासोंचं दार उघडलं. बाळासो बनियनवर बाहेर आले, गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आत जाऊन दार हळूच लावून घेतलं.

"असं न्हवं," सोनूबाई म्हणाली. "चौकात जावा आणि तिथनं या. मी आत बसते."

गेलो. ह्या गाडीवर मी कधी बसलो नव्हतो. चौकातून वळवली, परत आलो, गाडी लावली, आत गेलो. पीठ मळलेलं, तवा तापलेला, आणि ती पाटावर माझ्याकडे पाठ करून बसलेली.

"आलासा व्हय?"

"ऐकलंस न्हवं?"

"आवाज ऐकला. पर ह्यो त्येचा न्हवं."

"आता काय बोलावं तुला! त्योच सायलेन्सर हाय! नंबर बघ त्येच्यावरचा!"

"मला नंबर कळत न्हाई. त्येची गाडी बोलताना मधी मधी जीभ लावायची. टक, टक. ह्यो सरळ वरडतोय नुसता. ह्यो कुणाचा बी असंल."

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. चिडलो होतो. पाच मिनिटं चिडून बसलो आणि मग एकदम डोक्यात उजेड पडला. ती टक टक मला कधी ऐकू आली नव्हती. मला ती फक्त हाताला लागायची.

कपाटाखाली माझा नटबोल्टचा पत्र्याचा डबा आहे. तळाशी, कागदाच्या पुडीत त्या दोन रिंगा होत्या. उचकटून काढल्या तेव्हा फेकून का दिल्या नाहीत ते मला सांगता येणार नाही. एकात एक चेपलेल्या, वाकड्या, काळ्या. मी पुन्हा नट काढले. माझी चांगली, नवी, नीट बसलेली रिंग बाहेर काढली आणि त्या दोन चेपलेल्या रिंगा पोराने ठेवल्या होत्या तशा आत बसवल्या. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी जाणून गळका जॉइंट बांधत होतो. नट आवळले. किक मारली. तळहात जवळ नेला.

फुंकर आली. ठोक्याठोक्याला, गरम. मी हात काढला नाही. चटका बसेपर्यंत धरून ठेवला.

पुन्हा चौकात गेलो, वळलो, आलो. गाडी लावून दारात पाय टाकला तर भाकरीचा वास. भाकरी फुगून वर आली होती. सोनूबाईने मागे न बघता म्हटलं, "हातपाय धू आदी, बाळा."

आणि मग ती बसल्या जागी मोठ्याने रडली. चौदा महिन्यांत अशी रडली नव्हती. भाकरी जळायला लागली, मी गॅस बंद केला आणि तिच्याजवळ फरशीवर बसलो. काय करावं सुचेना.

"सोनू," मी म्हणालो, "मी त्यो काढला नसता तर आज पोरगं असतं. तूच म्हणालीवतीस. मी मारला त्येला."

तिने पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं.

"म्हणालेवते. तवा वाटलं ते बोलले. पर त्या ट्रॅक्टरवर गाणी लागल्याली, पार फाट्याच्या टपरीवर ऐकाय येत व्हती म्हणून मागनं टपरीवाल्या बाईनं सांगितलं मला. त्येला ह्यो ऐकू आला नसता, आणि दुसरा बी कंचा आला नसता. चार म्हैन्यांतच कळलंवतं मला."

"मग सांगितलं का न्हाईस? मी हितं रोज मरतोय!"

"तुमी इचारलंसा कवा?" ती म्हणाली. "एका खोलीत बसून दोघं चौदा म्हैने. कवा तोंड उघडलासा? आज पोराचं नाव घेतलंसा, ते बी मी रडले तवा."

मी उठून जळकी भाकरी तव्यावरून काढली.

सम्राट पाच वाजता आला. "जयभीम मामा, जयभीम मामी," म्हणत पाया पडला. सोनूबाईने त्याला गरम भाकरी आणि वांग्याचं कालवण वाढलं. एवढं ऊन आहे, मामी, भूक नाही म्हणत होता, पण खाल्लं. मग मी कंपनीचा सायलेन्सर पोत्यात घालून मागच्या सीटला दोरीने बांधला. "गावात गेल्यावर ह्यो बसव. नवी रिंग पिशवीत हाय. वाटंत पोलीस दिसला तर गाडी बंद करून ढकलत ने, समजलं?"

त्याने किक मारली आणि कान टवकारले. जवान कान ते.

"मामा, जॉइंटला लीक हाय वाटतं. मारता काय जरा पाना? तुमी तर फिटर."

मी सोनूबाईकडे बघितलं. तिने मान हलवली, होय का नाही ते मला कळलं नाही.

"असू दे," मी म्हणालो. "चालतंय की."

गाडी गल्लीतून गेली. चौकापर्यंत मला येत होता आवाज, मग संपला. सोनूबाई फाटकाला धरून उभीच.

"गेला काय गं?"

तिने हात वर करून मला गप्प केलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो, कारण आवाज अजून कुठे आहे ते आता तिच्याच चेहऱ्यावर कळणार होतं. बऱ्याच वेळाने तिने हात खाली घेतला आणि फाटकाची कडी लावली.

त्या संध्याकाळी साडेसातला गल्लीत गाडी आली. मला ऐकू आली म्हणजे मोठीच असणार. सोनूबाई मेथी निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही, निवडत राहिली. मीच उठलो आणि दारापर्यंत जाऊन आलो.

"कोण हाय?" तिने विचारलं.

"कोण न्हाई," मी म्हणालो, आणि तिच्यासमोर बसून मेथीची एक जुडी सोडायला घेतली.