कोरी गाडी

ताईची गाडी कपाटातून काढून टेबलावर ठेवली होती. विकत घ्यायला आलेला शौकीन तिच्या धुराड्याला नाक लावून हुंगत होता. हुंगणारच! शर्यतीच्या या जुन्या, हातभर लांब इंजिनगाड्यांत इंजिन एकदाही पेटलेलं नसलं की ते सोन्याहून पिवळं.

"जळक्या एरंडेलाचा वाससुद्धा नाही. अगदी कोरी!"

"वडिलांनी जपलीच तशी," धाकटा भाऊ म्हणाला. सौदा त्यानंच ठरवला होता.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जपली म्हणे! शाळेत असताना वडिलांच्या लेथवर गाडी घडवली तिनं. शर्यतीत सोडायचं म्हटल्यावर वडील म्हणाले, "मुलींनी हे करायचं नसतं. तू भावाची तार धर." झालं! त्याच्या गाड्या धावल्या, ही गाडी काचेआड बसली. शर्यतीत गाडी तारेला बांधलेली, गोल फिरणारी. ती वेग घेईपर्यंत मधोमध उभं राहून तार ओढत स्वतःभोवती फिरायचं, हे ताईचं काम. बक्षिसं भावाची.

"देणार नाही. चालवणार," ताई म्हणाली.

"अगं, पेटली की संपलं! मग कोण घेणार?"

"कोणी घेऊ नये म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबच्या गोल धावपट्टीवर तिनं गाडी ठेवली, टाकीत स्पिरिट आणि एरंडेलाचं मिश्रण ओतलं. मन वळवायला शौकीनही आला होता. तिनं तारेचं टोक भावाच्या हातात कोंबलं.

"मी?"

"मग काय शेजारी? मध्ये जा."

तिनं काठीनं गाडी ढकलली. इंजिन फुरफुरलं आणि गप्प झालं. दुसऱ्यांदा तेच. शौकीन गालात हसला. ताईनं पदर खोचला, इंधनाची सुई अर्धा आटा फिरवली आणि काठी लावून धावत सुटली. गुडघा बोंबलला, बोंबलू दे!

इंजिनानं असा काही टाहो फोडला की कुंपणावरचे कावळे उडाले. गाडी सुसाट गोल गोल, निळा धूर, आणि मध्ये भाऊ तार ओढत भिंगरीसारखा. ताईला हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही.

टाकी रिकामी झाली तेव्हा शौकीन वाकला, धुराडं हुंगलं, मान हलवली. "आता कोरी नाही राहिली." आणि चालता झाला.

भाऊ धावपट्टीवरच बसला होता, डोकं धरून.

"ताई, गरगरतंय गं."

"माझं अख्खं लहानपण गरगरलं," ताई टाकी भरत म्हणाली. "ऊठ. तार धर."