आठवी पायरी

प्रश्नावलीतला शेवटचा प्रश्न परदेशी संशोधकांनी तयार केला होता आणि त्याचे मराठी भाषांतर विद्यापीठाच्या समितीने तीन बैठका घेऊन मान्य केले होते: 'आपल्यासमोर दहा पायऱ्यांची शिडी आहे अशी कल्पना करा. सर्वांत वरची पायरी म्हणजे आपल्याला शक्य असलेले सर्वोत्तम आयुष्य. आज आपण कोणत्या पायरीवर आहात?' संशोधन एकाच घरातील सासू आणि सून यांच्या मानसिक समाधानाविषयी होते.

प्रकल्पाची सहायक कामिनी भंडाऱ्याहून सिहोऱ्याजवळच्या एका गावी सलग दुसऱ्या दिवशी आली, तेव्हा मासेमारी करणाऱ्या मनिरामच्या सुनेने, डिंपलने, तिला दारातच गाठले.

"मॅडम, माहा आकडा ठरला हाय. आठ."

"मी अजून विचारलं नाही."

"शेजारच्या गुड्डीच्या घरी काल इचारलं न तुमी? तिनं सांगतलं. मले असं कोणी कधी इचारलंच नाई. रातभर इचार केला. सात कमी होते, नऊ जास्त होते. आठ."

उत्तर आधी सांगितलेले चालत नाही, असे कामिनीने समजावले. डिंपल मान डोलावून आत गेली आणि केस विंचरून परत आली.

वीस प्रश्न सुरळीत पार पडले. शिडीचे चित्र असलेले कार्ड मात्र आदल्या घरी मासोळ्यांच्या टोपलीत पडून भिजले होते. "आपण शिडीची कल्पना करू," कामिनी म्हणाली.

"कल्पना काहून? निसनी हाय न घरी!" मनिरामने मागच्या परसातून बांबूची शिडी आणून छपराला लावली. पायऱ्या मोजल्या तर सातच भरल्या.

"मॅडमच्या दहा, आपल्या सात," तो खिन्नपणे म्हणाला. मग त्याचा चेहरा उजळला. "खालच्या तीन जमिनीत हायेत समजा."

कामिनी प्रामाणिक संशोधक होती. जमीन म्हणजे तीन, अशी नोंद तिने समासात केली.

घरचा कर्ता म्हणून मनिराम आधी चढला. चार, पाच, सहा करत तो दहाव्या पायरीवर पोचला आणि तिथून कौलारू छपरावर गेला.

"काका, दहा हेच तुमचं उत्तर समजू का?"

"कवेलू सरकलं हाय, मॅडम! आलोच लावून."

कामिनीने पेन्सिलीने दहा लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढले.

त्याची बायको रेवताबाई काठी टेकत आली आणि शिडीच्या बुडाशी फतकल मारून बसली. "माह्या गुडघ्यानं चढणं होत नाई. मी इथंच बरी."

तीन, कामिनीने लिहिले.

आता डिंपलची पाळी होती. तिने पहिल्या पायरीवर पाय ठेवला, खाली बसलेल्या सासूकडे पाहिले आणि पाय काढून घेतला. सासू भुईवर बसलेली असताना त्या घरात सून कधी खाटेवरही बसली नव्हती.

"आई, तुमी खाली अन् मी वर कशी चढू?"

"मंग तू बी खालीच बस."

"तं बरोबरी होते."

"खड्डा खंदा!" मनिराम छपरावरून ओरडला. "खड्ड्यात दोन येते!"

गणित चुकीचे नव्हते. कामिनीला घाम फुटला. दोन किंवा त्याखालचे उत्तर आले की समुपदेशकांचे पथक घरी पाठवावे, अशी सूचना होती.

"मले दोन नोका लिहू, मॅडम," डिंपलचे डोळे भरून आले. "माहे आठ हायेत."

"नुसतं तोंडानं सांगितलं तरी चालेल."

"असं कसं?" रेवताबाई म्हणाली. "तोंडानं वर अन् अंगानं खाली? ते तं खोटं झालं." मग ती सुनेकडे वळली. "अन् आठ काहून वो? पाच नाई, सहा नाई?"

"तुमी मले जाळं फेकाले शिकवलं न, म्हणून. माहेरी मले पाण्याच्या काठाले बी जाऊ देत नोयते."

रेवताबाईने नाक ओढले. "निसनी आडवी पाड," ती म्हणाली.

शिडी अंगणात आडवी झाली. आता कोणी कोणाच्या वर नव्हते. जमिनीतल्या तीन पायऱ्या बाहेर काढणे मात्र भाग होते. पहिलीच्या जागी झाडू आला, दुसरीच्या जागी जाळ्याचा बांबू आणि तिसरीसाठी रेवताबाईने आपली काठी दिली. काठी गेल्यामुळे तिला सुनेचा खांदा धरावा लागला. दोघी एकेक पायरी ओलांडत निघाल्या. आठवीवर डिंपल थांबली. रेवताबाईने आणखी एक पाऊल टाकले.

"म्हणजे आजी, तुमचं नऊ?"

"सून आठवर उभी हाय, तं मले नऊवर राहाच लागते. दुसरं काय?"

कामिनीने तीन खोडून नऊ लिहिले आणि डिंपलपुढे आठ.

"पेन्सिलनं काहून लिहून राहिल्या, मॅडम?" डिंपलने विचारले.

"चूक झाली तर ऑफिसात खोडता येते."

"मंग पेनानं लिहा."

"पेन्सिलच वापरायची, असा नियम आहे."

"सूरजची माय, निसनी कुठं नेली वो?" मनिरामने छपरावरून बायकोला हाक मारली. "मी उतरू कसा? कवेलू तापले हायेत, पाय भाजून राहिले!"

डिंपलने पदर डोक्यावर घेतला. "थांबा जरा, मामाजी."

सासऱ्याला थांबा म्हणण्याची त्या घरातली ती पहिली वेळ असावी, कारण छपरावर एकदम शांतता पसरली. रेवताबाई दुसरीकडे पाहू लागली. डिंपल आठव्या पायरीवरून हलली नाही, आणि ती हलल्याशिवाय शिडी उचलता येणार नव्हती.

कामिनीने पर्समधून पेन काढले, पेन्सिलीच्या आठावर शाईचा आठ गिरवला आणि कागद डिंपलसमोर धरला. डिंपलने तो वाचला, शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घातली, पायरीवरून उतरून मागची काठी सासूच्या हातात आणून दिली आणि मग शिडी उचलली.