मला मानवणारी गोळी

मी एक जुनी ठासणीची बंदूक आहे, मित्रांनो, आणि सध्या वनखात्याच्या लोखंडी कपाटात, दस्त्याला जप्तीची चिठ्ठी बांधलेल्या अवस्थेत उभी आहे.

पश्चिम व्हर्जिनियाच्या डोंगरात डेल्मर स्टॉलनेकरने मला घडवलं. नळी विकत आणली, दस्ता मात्र खाणीतली पाळी संपवून रोज थोडा थोडा स्वतः कोरला. माझ्या तोंडातून दारू ओततात, वर गोळी ठेवून गजाने ठासतात. एक बार झाला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. मला मानवते ती शिशाची गोल गोळी, चरबी लावलेल्या कापडात गुंडाळलेली. गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या खाचांचा माझा पीळ सैल आहे आणि गोल गोळीला तेवढा पुरतो. चाळीस हिवाळे मी त्या घराला हरणाचं मटण दिलं. नेमबाजीच्या शर्यतीत बक्षिसाच्या टर्की कोंबड्याही जिंकल्या. स्वतःची स्तुती म्हणा हवं तर, पण खरं तेच सांगते.

पुढे डेल्मरचे हात थरथरू लागले आणि मी भिंतीवरच्या खिळ्यावर गेले. सहा वर्षं कुणी तेलाचं बोट लावलं नाही. मग खाण बंद पडली, जावई क्लेटन घरी बसला, फ्रीजर रिकामा झाला. डिसेंबरात एक आठवडा फक्त ठासणीच्या बंदुकांनी हरणाची शिकार करायची परवानगी असते. त्यासाठी क्लेटनने मला खाली काढलं.

त्याने पाकीट आणलं होतं. लांबट, टोकदार गोळ्या आणि प्रत्येकीला प्लॅस्टिकचा पेला, ज्याला ते सॅबो म्हणतात. वस्तू वाईट नाही, पण तिला घट्ट पिळाची नळी लागते. माझ्यातून ती डगमगतच जाते.

"बाबा, तुमच्या त्या चिंध्या आता पुरे," क्लेटन हसला. "बघा, पाकिटावर लिहिलंय, दीडशे यार्डांपर्यंत मारते."

डेल्मरला ते झोंबलं. "पाकीट वाचता येतं ना? मग मला कशाला दाखवतोस, जावईबापू?"

क्लेटनने पंचवीस पावलांवर कागदी थाळी लावली आणि तीन बार काढले. तिन्ही थाळीत बसले. एवढ्या जवळून माझी खोड दिसत नाही. लांबून एक तरी बार काढायला हवा होता, पण गोळ्या महाग होत्या. कुंपणाला टेकलेल्या डेल्मरला सगळं कळत होतं. तो थुंकला आणि घरात गेला.

शुक्रवारी ऐंशी पावलांवर एक हरिणी उभी होती. क्लेटनने खांद्यामागे नेम धरला. गोळी भरकटली आणि तिचा जबडा फोडून गेली. तो संध्याकाळपर्यंत रक्ताच्या मागावर हिंडला. ती सापडली नाही.

रविवारी शिकारीचा मोसम संपला. त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी तीच हरिणी परसातल्या सफरचंदाच्या झाडाखाली आली. बर्फातलं सफरचंद नाकाने ढकलायची, खालचा जबडा लोंबायचा, सफरचंद घरंगळून जायचं. पुन्हा ढकलायची. फासळ्या मोजता येत होत्या. क्लेटनने खिडकीतून पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"आता मारली तर परवाना जाईल, बाबा."

"आणि नाही मारली तर ती अजून आठवडाभर अशीच मरेल. काढ बंदूक."

डेल्मरने कापड फाडलं, पण दारू ओतताना निम्मी सांडली. शेवटी क्लेटनने ठासलं, डेल्मर शेजारी उभा राहून एकेक गोष्ट सांगत होता. पन्नास पावलांवरून क्लेटनने चाप ओढला. गोल गोळी सरळ गेली आणि हरिणी जागीच पडली. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात नेमका बार होता, पण शाबास म्हणायला कुणाची जीभ वळली नाही.

वनखात्याला फोन डेल्मरनेच केला. अधिकारी आला आणि त्याने हरिणीचा जबडा पाहिला.

"कुणी मारली?"

"मी," डेल्मर म्हणाला. "शुक्रवारची गोळीही माझीच."

क्लेटन पुढे झाला, तसा म्हातारा गुरकावला, "तू गप्प बस. पोरांना खायला घालायचंय तुला."

अधिकाऱ्याने त्या थरथरत्या हातांकडे पाहिलं. "या हातांनी? पन्नास पावलांवरून?"

"होय, साहेब."

त्याने डेल्मरचं नाव लिहून घेतलं आणि मला गाडीत ठेवलं.

मित्रांनो, बंदूक असो की आणखी काही, तिला काय मानवतं ते आधी पाहा, लांबून तपासा आणि मगच जिवंत जिवावर रोखा. आणि ज्याला ठाऊक असेल त्याने रुसून बसू नये. त्या दिवशी थाळीसमोर मला बोलता येत नव्हतं. डेल्मरला येत होतं.